डोंगराची साक्ष

जुलै 2018मध्ये समाजमाध्यमांवर एक व्हिडिओ फिरू लागला. मोबाइलवर घेतलेला, हलता, अस्पष्ट. धुळीच्या रस्त्यावरून लष्करी गणवेशातली काही माणसं दोन बायकांना आणि एका लहान मुलीला ढकलत नेत आहेत. एकीच्या पाठीला तान्हं बाळ बांधलेलं आहे. पुढे रस्ता सोडून त्यांना बाजूला नेलं जातं, डोळे बांधले जातात आणि गोळ्या झाडल्या जातात. मोबाइल धरणारा माणूस या सगळ्यांच्या सोबतच चालतो आहे.

हे कुठलं, कधीचं, कोणी केलं, यातलं काहीच त्या व्हिडिओबरोबर आलं नव्हतं. काहींनी माली देशाचं नाव घेतलं, काहींनी कॅमेरूनचं. कॅमेरून सरकारच्या मंत्र्यांनी ही खोटी बातमी असल्याचं सांगून विषय झटकला. आमच्या सैनिकांचा गणवेश असा नसतो, त्या भागात ते शिरस्त्राण आणि चिलखती जाकिटाशिवाय फिरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. आता एखाद्या वृत्तसंपादकाच्या जागी बसून पाहा. चित्रण करणारा अनोळखी. त्याचा हेतू अज्ञात, आणि जो दिसतो तो भयंकर. पुढे पाठवणारे हजारो, पण स्वतः पाहिलेला एकही नाही. पत्रकारितेच्या जुन्या कसोट्या लावल्या तर हा व्हिडिओ सरळ केराच्या टोपलीत जायला हवा होता.

बीबीसीच्या ‘आफ्रिका आय’ या शोधपथकाने तो टाकून दिला नाही. त्यांच्याबरोबर ॲम्नेस्टी इंटरनॅशनलचे लोक होते, आणि घरी बसून असली कोडी सोडवणारे काही हौशी अभ्यासकही. या मंडळींनी गोळ्या झाडणाऱ्यांच्या आधी मागचा डोंगर पाहिला.

व्हिडिओच्या सुरुवातीला, जेमतेम चाळीस सेकंद, क्षितिजावर एक डोंगररांग दिसते. मुंबई-पुणे रेल्वेने नेहमी जाणाऱ्याला खंडाळ्याजवळची नागफणी ओळखायला पाटी लागत नाही, तसंच हे. फरक एवढाच की हा डोंगर ओळखणारं पथकात कोणी नव्हतं, आणि शोधायचा होता तो अख्ख्या आफ्रिकेत. बरीच शोधाशोध झाल्यावर कॅमेरूनमधल्या एका माणसाने सुचवलं की देशाच्या अगदी उत्तरेला, नायजेरियाच्या सीमेलगत झेलेवेट नावाचं गाव आहे, तिकडे पाहा. गूगल अर्थमध्ये जमिनीचे चढउतार उंचीसकट साठवलेले असतात, त्यामुळे पडद्यावरच आपण त्या गावात ‘उभं’ राहून मान वळवू शकतो. तशी मान वळवल्यावर रेघ जुळली. शिखरामागून शिखर, खिंडीमागून खिंड.

मला यातली जी गोष्ट सर्वांत थक्क करते ती पुढची आहे. क्षितिजाची रेघ डोंगराचं नाव सांगतेच, पण पाहणारा नेमका कुठे उभा होता हेही सांगते. आपण शंभर पावलं बाजूला सरकलो की जवळची टेकडी दूरच्या शिखरासमोरून सरकते. मघाशी झाकलेली खिंड उघडी पडते, उघडी होती ती झाकली जाते. म्हणजे डोंगरांचा असा विशिष्ट क्रम जगातल्या एकाच ठिकाणावरून, एकाच दिशेला पाहताना दिसतो. मोबाइल धरणाऱ्याने आपलं ठिकाण लपवण्याचा विचार केला असेल किंवा नसेल. डोंगराने ते लिहून ठेवलं होतं. मग उपग्रहचित्रांतून तोच रस्ता, तीच घरं, तीच झाडं एकेक करून जुळली.

ठिकाण मिळालं. तारीख कशी काढायची? मोबाइलच्या मूळ फाइलमध्ये वेळ आणि जागा नोंदलेली असते, पण समाजमाध्यमांतून आणि व्हॉट्सॲपसारख्या ॲपमधून फिरताना ती नोंद बहुधा पुसली जाते. शिवाय ती बदलणंही अवघड नाही. तेव्हा पथकाने घरांकडे पाहिलं. व्हिडिओतलं झाडांआड अर्धवट दिसणारं एक घर उपग्रहचित्रांत फेब्रुवारी 2016पर्यंतच आढळतं, त्यानंतर त्याच्या भिंती नाहीत. दुसरं एक बांधकाम नोव्हेंबर 2014च्या चित्रात अजून उभं राहिलेलं नाही. म्हणजे घटना या दोन टोकांमधली. मग एक पायवाट. ती उपग्रहचित्रांत फक्त जानेवारी ते एप्रिल या कोरड्या, तापलेल्या महिन्यांत उमटते. पंधरा महिन्यांचा पल्ला झटक्यात आक्रसला.

आणि मग सावली. रस्त्यावरून चालणाऱ्या एका सैनिकाची सावली जमिनीवर पडलेली दिसते. माणसाची उंची आणि सावलीची लांबी यांच्या गुणोत्तरावरून सूर्य क्षितिजापासून किती अंश वर होता ते निघतं. माणूस पाच फुटी होता की सहा फुटी, याने काही बिघडत नाही, गुणोत्तर पुरतं. रस्त्याची दिशा उपग्रहचित्रावरून कळलेलीच होती, म्हणून सावली कोणत्या दिशेला पडली आणि सूर्य कोणत्या दिशेला होता हेही कळलं. सूर्याची उंची, सूर्याची दिशा आणि ठिकाणाचा अक्षांश या तीन गोष्टी हातात आल्या की सूर्य त्या दिवशी विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला होता ते गणिताने सांगता येतं. म्हणजेच वर्षातला दिवस.

इथे एक खाचखळगा आहे. सूर्य उत्तरेकडे जाताना ज्या जागेवरून जातो, त्याच जागेवरून परततानाही जातो. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो तो यामुळेच. पुण्या-मुंबईला एकदा मे महिन्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटी, फक्त तेव्हा ढगांनी सगळा खेळ झाकलेला असतो. मार्चअखेरीची सावली आणि सप्टेंबरातली सावली यांत भूमितीला फरक करता येत नाही. पण पायवाटेला येतो! सप्टेंबरात ती पायवाट दिसत नाही. पथकाने काढलेलं उत्तर असं होतं: 20 मार्च ते 5 एप्रिल 2015 या दरम्यानचा एखादा दिवस. तीन वर्षं जुना, बिनतारखेचा, बिननावाचा व्हिडिओ, आणि त्याची तारीख सतरा दिवसांच्या आत.

पुढचं थोडक्यात सांगतो. एका सैनिकाच्या हातातली झास्तावा एम-21 ही सर्बियन बनावटीची रायफल आफ्रिकेच्या त्या भागात क्वचितच दिसते, पण कॅमेरूनच्या काही तुकड्यांकडे ती होती. त्याच भागातल्या कॅमेरूनी सैनिकांची त्याच गणवेशातली, शिरस्त्राणाशिवायची छायाचित्रं त्यांनी स्वतःच फेसबुकवर टाकलेली सापडली. घटनास्थळापासून एक किलोमीटरच्या आत त्यांची चौकी होती. सरकारने ऑगस्टमध्ये सात सैनिकांना ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं, बीबीसीचा वृत्तान्त सप्टेंबरात आला, आणि 2020मध्ये लष्करी न्यायालयाने चार जणांना प्रत्येकी 10 वर्षांची शिक्षा दिली.

सामान्य माणसाने पुरवलेल्या बातमीवर किती भरवसा ठेवावा, या प्रश्नावर आपल्याकडे चर्चा होते ती बहुतेक माणसाच्या चारित्र्याची. तो शिकलेला आहे का, त्याचा कोणत्या पक्षाशी संबंध आहे, त्याने पूर्वी खोटं सांगितलं होतं का. झेलेवेटच्या तपासात यातला एकही प्रश्न विचारायची वेळ आली नाही. तिथे उपयोगी पडलं ते चित्रण करणाऱ्याला दाखवायचं नव्हतं, किंवा आपण ते दाखवतो आहोत याची त्याला कल्पनाही नव्हती, असं सगळं.

फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांना हे फार आधी उमगलं होतं. इतिहासाच्या साधनांबद्दल लिहिताना त्यांनी अशा साक्षीदारांना विशेष मान दिला, जे साक्ष द्यायला म्हणून उभेच राहिलेले नसतात. राजाने कोरवलेला विजयलेख राजाला हवं तेच सांगतो. जुन्या उकिरड्यातली खापरं मात्र कुणाच्या सांगण्यावरून पडलेली नसतात. ब्लॉक यांना 1944मध्ये गेस्टापोने गोळ्या घालून मारलं आणि त्यांचं ते पुस्तक अपूर्ण राहिलं. प्रत्येक खिशात कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधीचं ते लेखन, पण आजच्या व्हिडिओ तपासणाऱ्यांना तेच लागू पडतं.

17 जुलै 2014 रोजी पूर्व युक्रेनच्या आकाशात मलेशिया एअरलाइन्सचं एमएच-17 विमान पाडलं गेलं आणि 298 माणसं मेली, तेव्हाचंही असंच. त्या दिवशी दोनेत्स्क ते स्निझ्ने या रस्त्यावरच्या गावकऱ्यांनी ट्रकवर लादलेलं एक क्षेपणास्त्र-वाहन जाताना पाहिलं आणि सहज मोबाइलवर टिपलं. इंग्लंडातल्या लेस्टर शहरात राहणारे, पत्रकारितेचं शिक्षण अर्धवट सोडलेले इलियट हिगिन्स आणि त्यांचा बेलिंगकॅट गट यांनी ते तुकडे जोडले. वाहनाच्या पट्ट्यांवर एक रबरी झालर असते. ती वापरात फाटते, दुमडते, आणि तिची फाटण्याची तऱ्हा दोन वाहनांची सारखी नसते. त्या फाटक्या कडेवरून त्यांनी हे वाहन काही आठवड्यांपूर्वी रशियात कुर्स्कच्या ब्रिगेडच्या ताफ्यात दिसलं होतं ते ओळखलं. मे 2018मध्ये आंतरराष्ट्रीय तपास पथकही त्याच ब्रिगेडपर्यंत पोचलं.

आवाजाचीही अशीच एक गंमत आहे. घरातला फ्रीज, ट्यूबलाइटचा चोक, जुना पंखा सतत मंद गुणगुणतात, कारण विजेचा प्रवाह सेकंदाला 50 आवर्तनं करतो. पण नेमकी 50 नाही. राज्यभरात मोटारी चालू झाल्या की ही संख्या किंचित उतरते, मागणी घटली की किंचित चढते, आणि हा चढउतार संपूर्ण जाळ्यात एकाच क्षणी होतो. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळं उर्वरित देशाशी एकतालात आलं. तेव्हापासून दक्षिणेतल्या घरातला फ्रीज आणि गुवाहाटीतला फ्रीज एकाच लयीत किंचित वरखाली होतात. घरात केलेल्या ध्वनिमुद्रणात ही गुणगुण पुरेशी उतरली असेल, तर तिचा चढउतार वीजजाळ्याच्या नोंदीशी ताडून मुद्रण कोणत्या वेळचं ते काढता येतं. न्यायवैद्यक तज्ज्ञ ही पद्धत वापरतात. फाइल फार दाबून लहान केली तर ती निकामी होते, पण कल्पना तरी पाहा. बोलणाऱ्याच्या मागे अख्ख्या देशाचं विजेचं घड्याळ चालू असतं आणि त्याला पत्ता नसतो.

आता यंत्राकडून हुबेहूब व्हिडिओ बनवून घेता येतात, मग या साऱ्याचं काय होणार? खोट्याचं काम सोपं झालं आहे यात शंका नाही. तरी यंत्राने मनाने रचलेली डोंगररांग पृथ्वीवर कुठेच सापडणार नाही. खरी रांग उचलून वापरली तर सावलीही त्या तारखेची हवी, पायवाटही त्या महिन्यातली हवी, आणि त्याच वेळी तिथे असलेल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलशीही ते जुळायला हवं. मला जास्त काळजी वाटते ती उलट्या बाजूची. खरा व्हिडिओ ‘खोटा आहे’ म्हणून झटकून टाकणं आता फार सोपं झालं आहे, आणि कॅमेरूनच्या मंत्र्यांना तर त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचीही गरज पडली नव्हती.

पण सगळ्या बातम्यांना डोंगर नसतो. बरीचशी खबर शब्दांतच येते: ‘आमच्या गावात असं झालं.’ तिथे काय करायचं?

पुन्हा ब्लॉक यांच्याकडे जावं लागतं. पहिल्या महायुद्धात ते स्वतः सैनिक होते आणि युद्धातल्या खोट्या बातम्यांवर त्यांनी 1921मध्ये एक विलक्षण निबंध लिहिला. सप्टेंबर 1917मध्ये ब्रेन या फ्रेंच गावाच्या उत्तरेला त्यांच्या रेजिमेंटने एक जर्मन सैनिक पकडला. तो मूळचा जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातला व्यापारी. फ्रेंच लोक ब्रेमेनला जे म्हणतात ते कानाला ब्रेनसारखंच लागतं. थोड्याच वेळात मागच्या फळीत बातमी पसरली की पकडलेला जर्मन युद्धाआधी ब्रेन गावातच दुकान थाटून बसला होता, म्हणजे हेरच! ब्लॉक एवढ्यावर थांबत नाहीत. इतक्या कानांवर एकच चूक का पडली, असं ते विचारतात. त्यांचं उत्तर असं की जर्मनांनी आधीपासून सगळीकडे हेर पेरले होते हे सैनिकांनी मनाशी धरूनच ठेवलेलं होतं, आणि कानांनी मनाला हवं ते ऐकलं. अफवा कुठे पिकतात तेही त्यांनी टिपलं आहे. आघाडीच्या खंदकात नव्हे, तर मागच्या स्वयंपाकाच्या तळांवर, जिथे वेगवेगळ्या तुकड्यांची माणसं जेवण न्यायला येतात, गाठी पडतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याची बातमी घेऊन परततो. प्रत्यक्ष पाहिलेलं तिथे कोणाकडेच नसतं.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावाचा आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. त्याआधी कित्येक दिवस जिल्ह्यात मोबाइलवर मुलं पळवणाऱ्यांचे संदेश फिरत होते. देशभर त्या काळात फिरलेल्या अशा व्हिडिओंपैकी एक मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फिल्म होती. तिच्यात मोटारसायकलवरची माणसं मूल उचलतात, आणि शेवटी ते परत आणून देऊन संदेशाचा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापून टाकला होता.

बाजारात जमलेल्या प्रत्येकाला वाटत असणार की ही बातमी आपण दहा जणांकडून ऐकली आहे. दहा तोंडं खरीच होती, पण त्यांच्यामागे डोळ्यांची एकही जोडी नव्हती. सर्वांनी एकाच झऱ्याचं पाणी वेगवेगळ्या घागरींतून प्यायलं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्यामुळे वेग कमी होतो, पण मुळात कोणी पाहिलं होतं हे त्यातून कळत नाही. दहा साक्षीदारांनी एकमेकांशी न बोलता तेच सांगितलं तर साक्ष दहापट बळकट होते, आणि बोलून सांगितलं तर ती एकाचीच राहते, कधीकधी एकाहूनही कमी.

बॉस्टनमध्ये शिकल्यासवरल्या लोकांनी हेच केलं. 15 एप्रिल 2013 रोजी तिथल्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. हजारो हौशी शोधक तेच मोजके फोटो समोर ठेवून, एकमेकांची मतं वाचत वाचत गुन्हेगार शोधू लागले. त्यांनी संशय धरलेला एक विद्यार्थी स्फोटांच्या आधीपासूनच बेपत्ता होता. नंतर त्याचा मृतदेह सापडला, आणि स्फोटांशी त्याचा काही संबंध नव्हता. त्या हजारोंना कोणी ‘तुम्ही काय पाहिलं’ असं विचारलं नव्हतं. ‘हा कोण असावा’ याचं उत्तर त्यांनी आपण होऊन द्यायला घेतलं होतं.

याउलट मे 2011मधली अबोटाबादची ती रात्र. पहाटे एकच्या सुमारास तिथल्या एका संगणकतज्ज्ञाने ट्विटरवर लिहिलं की शहरावर हेलिकॉप्टर घिरट्या घालतं आहे, असं इथे सहसा होत नाही. थोड्या वेळाने खिडक्या हादरवणारा मोठा आवाज झाल्याचं लिहिलं. ओसामा बिन लादेनवर अमेरिकी सैनिक चालून आले आहेत याची त्याला गंधवार्ताही नव्हती. त्याने ऐकलं तेवढंच नोंदवलं, अर्थ लावायच्या भानगडीत तो फारसा पडला नाही, आणि म्हणूनच त्याची नोंद अचूक ठरली. माझ्या मते हौशी वार्ताहराचा हा उत्तम नमुना.

हीच शिस्त एका यंत्रणेने लाखो लोकांना, त्यांच्या नकळत, लावली आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने 1999पासून देशभरातल्या लोकांना भूकंपाबद्दल विचारायला सुरुवात केली. भूकंप किती मोठा होता हा प्रश्न ते विचारत नाहीत. झोपेतून जाग आली का, फळीवरच्या वस्तू खडखडल्या की खाली पडल्या, भिंतीवरची चित्रं हलली का, जड सामान सरकलं का, तुम्ही कितव्या मजल्यावर होता, असं विचारतात. लिस्बनच्या 1755च्या प्रलयंकारी भूकंपानंतर पोर्तुगालच्या सरकारने गावोगावच्या पाद्र्यांना असेच प्रश्न धाडले होते: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी चढला की ओसरला. 23 ऑगस्ट 2011 रोजी अमेरिकेत व्हर्जिनियाला 5.8 तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा 1,40,000हून जास्त लोकांनी सर्वेक्षण विभागाची प्रश्नावली भरली. कुणी घाबरून वाढवून सांगितलं असेल, कुणी विसरलं असेल. पण शेजारच्या गावातल्या माणसाने काय लिहिलं हे लिहिताना कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून चुका इकडच्या तिकडे विखुरल्या आणि एकमेकींना खात गेल्या. नकाशावर उरला तो धक्का कसकसा विरत गेला याचा आराखडा, आणि तोही जिथे एकही भूकंपमापक नाही अशा गावांमधून.

त्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न असतो की धक्का जाणवला का, आणि ‘नाही’ हे उत्तरही तिथे तितक्याच आस्थेने नोंदवलं जातं. धक्का कुठवर पोचला ही कड आखायला जाणवलेल्यांपेक्षा न जाणवलेल्यांची गरज जास्त असते. अडचण एवढीच की काहीच झालं नाही हे कळवायला फार थोडी माणसं बसतात.